सहगानातील उच्चार : वर्ध्यातील एका कार्यक्रमाच्या निमित्ताने

मराठीत गायनाची समीक्षा पुष्कळ झाली आहे. परंतु ती जवळजवळ सर्वस्वी एका गळ्याची समीक्षा आहे. ख्यालगायक, नाट्यपदे म्हणणारा नट, भावगीतगायक, कीर्तनकार यांच्याविषयी लिहिताना आपल्या टीकाकारांस शब्दांची वाण कधी पडली नाही. चाळीस माणसे एकाच वेळी एकच ओळ म्हणू लागली, की मात्र ही शब्दसंपत्ती एकाएकी आटते. 'गोड झाले', 'शिस्तबद्ध झाले' यापलीकडे आपण जात नाही. 'एकसुरी' हा शब्द वस्तुतः या कलेच्या पहिल्या गुणाचा वाचक व्हावयास हवा होता. आपण तो कंटाळवाण्या लेखनास शिवी म्हणून वापरतो. भाषेने दिलेली ही साक्ष दुर्लक्षिण्याजोगी नाही.

समूहगान, वृंदगान आणि सहगान हे शब्दही आपण आलटूनपालटून योजतो. प्रस्तुत लेखापुरता मी त्यांत भेद करतो. जेथे गाणारे आणि ऐकणारे निराळे नसतात आणि कोणी हात हलवून चालविणारा नसतो, ते समूहगान. जेथे समोर श्रोते आहेत आणि मध्ये संचालक आहे, ते वृंदगान. सहगान ही दोहोंस व्यापणारी संज्ञा. हा भेद केवळ सोयीचा नाही. उच्चाराचा प्रश्न या दोन ठिकाणी अगदी निरनिराळ्या रीतीने सुटतो, हे पुढे दिसून येईल.

वर्धा जिल्ह्यास समूहगानाचा जो वारसा लाभला आहे तो महाराष्ट्रातील फारच थोड्या जिल्ह्यांच्या वाट्यास आला असेल. त्याचे एक मूळ साबरमतीस आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेची घडी बसविली, 'आश्रम भजनावली' सिद्ध केली, १९३० साली दांडीयात्रेत ते चालले, आणि १९३८ साली हरिपुरा येथे त्यांचे निधन झाले. भजनावलीत पदांच्या माथ्यावर राग आणि ताल दिलेले आहेत. म्हणजे संगीताच्या दृष्टीने ग्रंथ सावध आहे. पण संस्कृत, हिंदी, गुजराती, मराठी, बंगाली अशा अनेक भाषांतील पदे ज्यांनी म्हणावयाची, त्यांपैकी बहुतेकांस त्यातील एखादीच भाषा आपली होती. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात या पदांचे इंग्रजी भाषांतर केले ते मीराबेनसाठी. अर्थाची सोय अशी झाली. उच्चाराची सोय ज्याची त्याने करावयाची होती. (याच मीराबेन बेथोव्हेनच्या संगीताच्या ओढीने रोमाँ रोलाँपर्यंत आणि तेथून गांधीजींपर्यंत पोहोचल्या होत्या. युरोपीय संगीतसभेचा संस्कार घेतलेला हा कान पुढे शेगावच्या झोपडीत सामुदायिक प्रार्थना कशी ऐकत असेल, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

गांधीजी १९३६ मध्ये शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहावयास आले. त्याच वर्षी त्यांच्या निमंत्रणावरून तुकडोजी महाराज तेथे सुमारे महिनाभर राहून गेले. सामुदायिक प्रार्थनेस तुकडोजींनी इतके महत्त्व दिले, की 'ग्रामगीते'त त्यांनी तिच्यासाठी एक संबंध अध्याय खर्ची घातला. वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेनंतर १९३७ साली झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा जो आराखडा केला, त्यात संगीत हा विषय होता, आणि त्यातही भर समूहगानावर होता. पवनारास विनोबांच्या ब्रह्मविद्यामंदिरात १९५९ पासून भगिनींचा जो सामुदायिक पाठ चालत आला आहे, तो या परंपरेचा सर्वांत संथ आणि सर्वांत दीर्घ प्रवाह होय. विनोबांनी पुढे मौन प्रार्थनाही सामुदायिक केली. तीत उच्चाराचा प्रश्नच उरत नाही, म्हणून ती येथे सोडून देऊ.

समूहपाठात उच्चाराचा प्रश्न कसा सुटतो, हे 'गीताई'च्या उदाहरणाने पाहता येते. विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत ती रचली आणि १९३२ मध्ये ती छापून निघाली. गीतेतील बहुसंख्य श्लोक अनुष्टुभ् छंदात आहेत. समश्लोकी असल्यामुळे गीताईतही चरणास आठ अक्षरे हाच नियम आला. आता मराठी बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' उच्चारीत नाही. 'बाळ' हा लिहिताना दोन अक्षरांचा शब्द बोलताना एकाच अवयवाचा आहे. शब्दाच्या मध्येही हाच लोप घडतो. 'करणे' हा शब्द आपण 'कर्णे' असाच बोलतो. गीताईचा चरण बोलीच्या उच्चाराने म्हटला तर आठांपैकी एकदोन अक्षरे नाहीशी होतात आणि छंद लंगडतो. पाठ करणाऱ्या समुदायास हे कोणी शिकवावे लागत नाही. छंदच लुप्त 'अ' परत मागून घेतो. पवनारास पाठ ऐकणाऱ्यास हे स्वच्छ जाणवते: प्रत्येक अक्षर आपल्या जागी, सारख्या वजनाचे, आणि अंत्य 'अ' हलका पण हजर. वर्ध्यात गोपुरीस १९८० मध्ये झालेल्या गीताई मंदिरात अठराही अध्याय दगडावर कोरलेले आहेत, वर छत नाही. तेथे वाचीत चालणाऱ्या मुलांच्या तोंडून तीच ओळ निराळी ऐकू येते. एकटे वाचणारे मूल 'अ' गाळते. चौघे मिळून वाचू लागले, की दुसऱ्यातिसऱ्या श्लोकात 'अ' परततो. हे निरीक्षण कोणीही तेथे जाऊन ताडून पाहावे.

वृंदगानाचे तसे नाही. येथे छंदाऐवजी चाल राज्य करते आणि चालीस अक्षरसंख्येचा धाक नसतो. म्हणून लुप्त 'अ'चे काय करावयाचे, हे कोणीतरी ठरवावे लागते; ते ठरविणे हे संचालकाचे काम आहे. ध्वनिदृष्ट्या पाहता प्रश्न बिकट आहे. 'हात' शब्दाच्या शेवटी त-कार बोलीप्रमाणे बंद ठेवावा, तर चाळीस जिभा एकाच क्षणी दातांस लागत नाहीत, आणि श्रोत्यास एक त-कार न मिळता पावसाचे थेंब पत्र्यावर पडावेत तसा चटचटाट मिळतो. 'अ' परत आणावा, तर व्यंजनास बसावयास आसन मिळते, पण नवे संकट उभे राहते. मराठीतील 'अ' आणि 'आ' यांतील भेद केवळ ऱ्हस्वदीर्घाचा नाही. जिभेच्या आणि जबड्याच्या ठेवणीचा आहे. सूर लांबवावयाचा असला, की गाणारा नकळत तोंड अधिक उघडतो आणि 'अ'चा 'आ' होतो. एकट्या गायकाच्या बाबतीत हे खपून जाते. वृंदात निम्मे 'अ'वर आणि निम्मे 'आ'वर असले, तर स्वर शुद्ध असूनही गाणे गढूळ होते. आणि ज्या भाषेत 'राम' हे नाम आणि 'रामा' ही हाक आहे, त्या भाषेत हा गढूळपणा अर्थापर्यंत जाऊन पोहोचतो.

आपल्याकडे वृंदगानासाठी आयुष्य वेचणारी माणसे झाली नाहीत असे नाही. वसंत देसाई (१९१२–१९७५) यांनी चित्रपटाबाहेर शालेय मुलांच्या समूहगानासाठी पुष्कळ कष्ट घेतले. मद्रास यूथ कॉयरचे एम. बी. श्रीनिवासन (१९२५–१९८८) यांनी अनेक भारतीय भाषांतील गीते वृंदासाठी बांधली. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांच्यामागे त्यांचा वृंद कुमी वाडिया यांनी अनेक दशके सांभाळला. २०२३ मध्ये त्यांस पद्मश्री देण्यात आली. परंतु यांच्या कामाविषयी मराठीत लिहिले गेले ते बहुतेक गौरवपर. त्यांनी 'अ'चे काय केले, हे कोणी विचारले नाही.

गेल्या हिवाळ्यात वर्ध्यात झालेल्या एका वृंदगानाच्या कार्यक्रमास मी हे प्रश्न मनात ठेवून गेलो, असे म्हणणे पूर्ण खरे होणार नाही. मी गेलो तो संचालिकेसाठी. शाळेत असताना त्यांनी आम्हांस गाणे शिकविले होते. त्यानंतर पंचवीसांहून अधिक वर्षे त्यांची भेट नव्हती. त्यांचे नाव येथे देत नाही. आपल्या नावाची प्रसिद्धी त्यांना पूर्वीही मानवत नसे. वृंदात जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांतील मुलेमुली होती. देवळी, आर्वी, हिंगणघाटकडच्या खेड्यांतून आलेली पुष्कळ होती, हे त्यांच्या आपसांतील बोलण्यावरून कार्यक्रमाआधीच कळत होते.

आरंभ गीताईतील स्थितप्रज्ञलक्षणांनी झाला. बाईंनी येथे हात जवळजवळ हलविलाच नाही. पहिल्या चरणास लय दिली आणि हात खाली घेतले. वृंदास त्यांनी समूहाच्या स्वाधीन केले, असे मी म्हणेन. आणि हा निर्णय अचूक होता. अंत्य 'अ' पवनारच्या पाठासारखाच हलका राहिला. बालकांच्या आवाजात सहसा येणारा शेवटच्या अक्षराचा हेल कोठेही आला नाही. यानंतर तुकडोजी महाराजांचे एक भजन खंजिरीवर झाले. त्याविषयी विशेष लिहिण्यासारखे काही नाही. खंजिरी शब्दांपेक्षा मोठी वाजत होती, आणि श्रोत्यांस ते आवडले.

खरी परीक्षा तिसऱ्या क्रमांकास होती. जात्यावरच्या वऱ्हाडी ओव्यांची एक मालिका बाईंनी वृंदासाठी बांधली होती. ओवी ही मुळात एकटीची किंवा जात्याशी समोरासमोर बसलेल्या दोघींची. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जमविलेल्या लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहातील जी ध्वनिमुद्रणे आज उपलब्ध आहेत त्यांतही एक बाई ओळ टाकते आणि दुसरी किंवा दोघीतिघी ती उचलतात, असेच बहुधा ऐकू येते. चाळीसजणांनी ओवी म्हणणे ही तेव्हा मुळाशी केलेली ढवळाढवळच आहे, आणि ती ढवळाढवळ आहे हे लपविण्याचा बाईंनी प्रयत्न केला नाही. ओळ टाकणारी मुलगी एकटी, उचलणारा वृंद, मध्ये जात्याच्या फेऱ्याएवढा विराम. विराम मोजून एवढाच ठेवणे ही गोष्ट सोपी नाही.

पण मी सावरून बसलो ते एका व्यंजनामुळे. वऱ्हाडी-नागपुरी बोलींत, विशेषतः खेड्यांत, प्रमाण मराठीतील ळ-काराच्या जागी य-कार येतो. 'डोळा' तेथे 'डोया' आहे, 'काळा' 'काया', 'केळी' 'केयी'. ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीच्या मराठीस वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची नोंद आहे, तेव्हापासून हा विशेष अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. शिकल्यासवरल्या मंडळींनी मात्र त्यास अशिक्षितपणाची खूण मानले. गीताईत ज्या मुलांनी ळ-कार निर्दोष उच्चारला होता, त्याच मुलांनी ओव्यांत तितक्याच निर्दोषपणे य-कार उच्चारला. एकाही गळ्यातून ळ निसटला नाही. सभागृहात मागच्या बाजूस कोणी हसले. दुसऱ्या ओवीनंतर ते हसणे थांबले. एका ओवीत 'माळ' या अर्थाचा शब्द होता. वऱ्हाडी उच्चारात तो 'माय' होतो आणि आईवाचक शब्दाशी एकरूप होतो. ओळ टाकणाऱ्या मुलीने तो किंचित लांबविला. वृंदाने उचलताना लांबविला नाही. एकीने म्हटले तेव्हा आई ऐकू आली, सर्वांनी म्हटले तेव्हा गळ्यातली माळ. प्रमाण उच्चारात ही जागा अस्तित्वातच येत नाही. बोलीचा ध्वनिविशेष हा येथे शोभेचा तुकडा नसून काव्याचे साधन झाला होता, आणि ते संचालनामुळे झाले होते.

शेवटचे गीत दोन स्वरपातळ्यांत बांधलेले होते: वरच्या आवाजात चाल, खालच्या आवाजात तिला धरून चालणारी दुसरी ओळ. मराठी गीतास असे दुहेरी बांधणे अनैसर्गिक आहे, असे पुष्कळांस वाटते. मला तसे वाटत नाही. गोव्यातील मांडो दोन आवाजांत, ठरलेल्या अंतराने समांतर चालतो आणि कोकणी भाषेचे त्यात काही बिघडत नाही. मात्र मांडोच्या गाणाऱ्यांस ही रीत घरातून मिळते; त्यांचे स्वर दोन असले तरी वर्ण एकच असतो. वर्ध्याच्या वृंदात खालच्या आवाजाची मुले सूर सांभाळण्यात इतकी गुंतली होती, की त्यांचा प्रत्येक दीर्घ 'अ' उघडून 'आ' झाला. वरच्या मुली 'अ'वर राहिल्या. गीत अपरिचित असल्याने कडव्यातील निम्मे शब्द मला कळले नाहीत. टाळ्या याच गीतास सर्वांत अधिक पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी रंगमंचामागच्या खोलीत गेलो. मुले चहासाठी गर्दी करून होती. बाईंनी मला चेहऱ्यावरून ओळखले नाही. मी 'नमस्कार बाई' म्हणताच त्या वळल्या आणि माझे पूर्ण नाव वर्गाच्या तुकडीसह उच्चारले. 'चेहरे बदलतात रे. आवाज कुठं बदलते?' असे म्हणून त्यांनी बसावयास खुर्ची ओढली. बाई आता थकल्या आहेत. उभ्याने दीड तास हात चालविल्यावर त्यांचा उजवा खांदा दुखत होता, आणि एक मुलगी तो चेपीत होती. ओळ टाकणारी तीच मुलगी होती.

मी ळ-काराविषयी विचारले. त्यांचे उत्तर मला जसे आठवते तसे देतो: 'पोरांना ळ येत नाही असं कोण म्हणते? येते. कुठं लावायचा अन् कुठं नाही, एवढंच सांगावं लागते.' मग त्या मुलीकडे हात दाखवून म्हणाल्या, 'हिला एका ठिकाणी सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नको. ळ म्हणता येत नाही म्हणून. तालुक्याच्या कार्यक्रमात दोन वर्षं ओठ हलवत उभी राहिली ही.' मुलगी खांदा चेपीतच राहिली. तिने मान वर केली नाही.

हे ऐकल्यावर समीक्षेस एक बाजू घ्यावी लागते. वृंदगानास एकरूपता हवी, हे निर्विवाद आहे. परंतु एकरूपता म्हणजे प्रमाणरूपता नव्हे. चाळीसांनी एकच उच्चार करावा, एवढीच या कलेची मागणी आहे. तो कोणता करावा, हे गीताच्या भाषेने ठरवावे. आपल्या शालेय समूहगानात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते आणि तिची किंमत जे देतात त्यांस ती सांगण्याची संधी मिळत नाही, कारण ते ओठ हलवीत असतात. यावर कोणी असे म्हणेल, की मुलांस प्रमाण भाषा येणे अगत्याचे आहे. आहेच. ज्या मुलांनी एका तासात ळ आणि य हे दोन्ही आपापल्या जागी न चुकता वापरून दाखविले, त्यांची भाषिक जाण एकच उच्चार येणाऱ्या मुलापेक्षा अधिक आहे, हे ध्वनिविचार शिकविणाऱ्यास तरी सांगावे लागू नये.

शेवटच्या गीताविषयी मात्र आमचे जमले नाही. 'बाई, खालच्या ओळीत अ-चा आ झाला. शब्द गेले,' असे मी म्हटले. बाईंनी ते नाकारले नाही. पण त्यांचे म्हणणे असे, की खालच्या आवाजाने शब्द पोहोचवावयाचा नसतोच. तो वरच्याने पोहोचवावा, खालच्याने आधार द्यावा. आणि तोंड न उघडता त्या मुलांस तो स्वर लागतच नाही. आधी स्वर, वर्ण पुढल्या वर्षी. संचालिका या नात्याने हे त्यांचे म्हणणे मला समजते. तरी ते मला मान्य नाही. ऐकणाऱ्यास शब्द आधीपासून ठाऊक आहेत, या भरवशावर आपले बहुतेक वृंदगान चालते. प्रार्थनेत तो भरवसा रास्त आहे, कारण तेथे ऐकणारा असा कोणी नसतोच. नव्या गीतास त्याचा आधार घेता येत नाही. दोन आवाजांनी दोन भिन्न स्वर धरावेत आणि वर्ण एकच ठेवावा, हे मराठीत कठीण असेल. अशक्य नाही, याचा पुरावा शेजारच्या भाषेत रोज गाइला जातो. सरावाच्या वेळी खालच्या आवाजाकडून सुरांशिवाय नुसते शब्द, ठरलेल्या लयीत, गीताईच्या पाठासारखे म्हणवून घ्यावेत, अशी सूचना मी केली. बाई म्हणाल्या, 'तू ये मग. बुधवारी असते सराव.'

गेल्या तीन महिन्यांत मी सात बुधवार गेलो आहे. खालच्या आवाजातील अकरा मुलांपैकी सहांचा 'अ' आता मध्य सप्तकात स्थिर राहतो. तार सप्तकाकडे जाताना तो पुन्हा उघडतो. ज्यांच्या घरी वऱ्हाडी बोलली जाते त्या मुलांत हे प्रमाण इतरांहून निराळे आहे की काय, हे इतक्या थोड्या मुलांवरून सांगता येत नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रणे घेण्यास आरंभ केला आहे.